घर, बंदर आणि जाते : मायक्रोफोनच्या निवडीविषयी

मायक्रोफोन घेताना कोणता आवाज हवा याचा विचार सगळेच करतात. कोणता नको, हे मात्र क्वचितच कोणी आधी ठरवते, आणि पुढची बहुतेक निराशा तेथूनच सुरू होते. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे मराठीत पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून हप्त्याहप्त्याने ऐकवायचा श्राव्य कार्यक्रम, तयार करीत असून त्याचे काही ध्वनिमुद्रण पुण्यातील राहत्या सदनिकेत, तर काही कोकण आणि मावळ भागात लोकांच्या दारी जाऊन होते. त्यामुळे घरातला माइक आणि बाहेरचा माइक हे दोन्ही प्रश्न त्याच्यापुढे एकाच वेळी उभे राहिले, आणि त्यांची उत्तरे एकमेकांना अजिबात लागू पडत नाहीत हेही लवकरच ध्यानात आले.

प्रथम दोन भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि आवाजाने पडदा हलला की ते वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलून अल्पशी वीज निर्माण करते, तर कंडेन्सर माइकमध्ये पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी यांच्यातील अंतर बदलल्याने विद्युतधारिता बदलते. या दुसऱ्या प्रकाराला बाहेरून वीज लागते, आणि ती रेकॉर्डरकडून त्याच केबलमधून ४८ व्होल्टच्या दाबाने पुरवली जाते, तिलाच फँटम पॉवर म्हणतात. दुसरा भेद दिशेचा : सर्वदिश माइक चहूकडून सारखेच ऐकतो, कार्डिऑइड म्हणजे हृदयाकृती माइक समोरून अधिक आणि पाठीमागून अत्यल्प ऐकतो, आणि द्विदिश माइक पुढून व मागून सारखे ऐकून दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो. यांपैकी दुसऱ्या भेदाचे महत्त्व पहिल्याहून अधिक आहे, पण दुकानात चर्चा होते ती पहिल्याचीच.

घरातील ध्वनिमुद्रणाविषयी सर्वाधिक ऐकू येणारा सल्ला असा की डायनॅमिक माइक ‘खोली ऐकत नाही’, म्हणून गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि छताचा पंखा असलेल्या आपल्याकडच्या खोल्यांत तोच घ्यावा. हा सल्ला परिणामाच्या दृष्टीने बरा असला तरी त्यामागचे कारण चुकीचे आहे. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून सभा-संमेलनांच्या व्यासपीठांवर दिसणारा डायनॅमिक माइक आणि रोडचा एनटी१-ए हा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर असे दोन्ही कार्डिऑइड माइक तोंडापासून वीतभर अंतरावर शेजारी शेजारी ठेवून, बोलण्याची पातळी दोन्हींत सारखी करून घेतली, तेव्हा पंख्याची घरघर आणि भिंतींचा पडसाद दोहोंत जवळपास सारखाच उतरला. कंडेन्सरमध्ये वरच्या पट्टीतील सळसळ थोडी जास्त होती एवढेच. खोली कितपत ऐकू येणार हे माइकच्या जातीपेक्षा अंतरावर आणि दिशेवर ठरते. उघड्या जागेत अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीत घुमणारा आवाज मात्र सर्वत्र जवळपास तेवढाच राहतो. लहान, मोकळ्या भिंतींच्या खोलीत तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आतच कुठेतरी अशी मर्यादा येते की तिच्यापलीकडे घुमणारा आवाज थेट आवाजाहून वरचढ होतो. डायनॅमिक माइकची संवेदनशीलता कमी असल्याने बोलणाऱ्याला त्याच्या अगदी जवळ यावेच लागते, आणि त्याची ख्याती या सक्तीतून जन्मलेली आहे.

शुअरच्याच एसएम७बी या माइकची कीर्ती याच ओघात तपासून पाहण्यासारखी आहे. १९७३ साली आलेल्या एसएम७ या मूळ माइकवर ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी मायकल जॅक्सन यांच्या ‘थ्रिलर’साठी गायन घेतले होते, आणि आज मुलाखतीच्या चित्रफितींत तो एखाद्या मानचिन्हासारखा चौकटीत झळकत असतो. माइक उत्तम आहे यात वाद नाही. परंतु त्याची संवेदनशीलता सुमारे उणे ५९ डेसिबल, तर एनटी१-एची उणे ३२ डेसिबल, म्हणजे त्याच बोलण्यासाठी त्याला २७ डेसिबल अधिक गेन, अर्थात विद्युत वर्धन, द्यावे लागते. स्वस्त इंटरफेसचे वर्धन त्या टोकाला नेले की शब्दांखाली सुसकाऱ्यासारखा आवाज भरून राहतो, आणि मग तो घालवण्यासाठी आणखी एक पेटी विकत घेण्याचा सल्ला मिळतो. ज्याच्या घरी महागड्या माइकसाठी पैसे आहेत पण खिडकीला जाड पडदा नाही, त्याने आधी पडदा घ्यावा हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडला, तो कोणत्याही माइकने पडला नव्हता. कार्डिऑइड माइक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो आणि म्हणून बोलणाऱ्याच्या मागची भिंतच त्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येते. फोम मात्र लोक हौसेने माइकच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात.

मराठी बोलणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. ख, थ, भ, फ या महाप्राण व्यंजनांबरोबर तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो, आणि ओठांवर उच्चारल्या जाणाऱ्या भ आणि फ यांचा झोत सरळ पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा फटका मुद्रित होतो. तळहात ओठांसमोर धरून ‘भाकरी’ किंवा ‘फणस’ म्हटले की झोत जाणवतो. तोच हात गालाच्या रेषेत सरकवला की जाणवत नाही, मात्र आवाज तेथेही पुरेसा पोहोचतो. म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, सुमारे ४५ अंशांत, तोंडाकडे वळवून ठेवणे हा उपाय जाळीच्या गाळणीपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. कार्डिऑइड माइक फार जवळ आला की खर्जातले स्वर अवाजवी फुगतात, याला समीपता-परिणाम म्हणतात. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या १९६८ सालच्या आरई२० मध्ये तो आवरण्याची खास रचना असल्यामुळे आकाशवाणीच्या धाटणीचे निवेदन करणाऱ्यांना, विशेषतः बोलताना मान हलवण्याची सवय असलेल्यांना, तो मानवतो.

बाहेर पडल्यावर हे सारे हिशेब उलटतात. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेथे समोर सुवर्णदुर्ग, मागे खारा वारा, होड्यांची डिझेल इंजिने, टोपल्या ओतल्याचा आवाज आणि बोली पुकारणाऱ्यांचे चढे सूर अशा गर्दीत एखाद्या मासेविक्रेत्या बाईशी बोलायचे असते. अशा जागी शॉटगन, म्हणजे लांब नळीचा अतिदिश माइक, हवा असे कोणालाही वाटेल, आणि सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा त्यातला नावाजलेला नमुना आहे. पण नळीची करामत तिच्या लांबीने बांधलेली असते : ४१६ची एकूण लांबी २५ सेंटिमीटर, तेवढीच तरंगलांबी साधारण १४०० हर्ट्झच्या आवाजाची, आणि त्याखालच्या आवाजांना नळी जवळजवळ अडवत नाही. इंजिनाची धडधड याच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे माइक बोलणाऱ्याकडून दुसऱ्याकडे वळवला की इंजिन तेवढेच राहते, मात्र पार्श्वभूमीतील गलबल्याचा पोत प्रत्येक वळणाला बदलतो, आणि जोडणी करताना दोन वाक्ये एकाच जागची वाटत नाहीत.

तेथे उपयोगी पडला तो बातमीदारांच्या हाती दिसणारा, इलेक्ट्रो-व्हॉइसच्या आरई५०च्या जातीचा सर्वदिश डायनॅमिक माइक. चहूकडून ऐकणारा माइक गोंगाटात न्यावा हे वरवर पाहता विपरीत वाटते. परंतु सर्वदिश रचनेला वारा आणि हाताची हालचाल कमी बाधते, जवळ धरले तरी खर्ज फुगत नाही, आणि हनुवटीपासून चार बोटांवर धरता येत असल्यामुळे अंतराचा सगळा लाभ पदरात पडतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते : माइक मुलाखत घेणाऱ्यानेच हातात ठेवायचा, कारण तो बाईंच्या हाती दिला की भाव सांगताना हात उडतो आणि बांगड्यांसह माइकही उडतो. लिलावाचा कल्लोळ स्वतंत्र रेकॉर्डरवर, केसाळ वातरोधक चढवून, दूर ठेवून घेतला. तो नको असलेला नव्हता, फक्त शब्दांच्या अंगावर नको होता.

कॉलर माइक या प्रसंगी सोयीचा वाटतो. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पापुद्र्याचा, म्हणजे इलेक्ट्रेटचा, माइक सिद्ध केला, त्यामुळे हे बोंडाएवढे माइक शक्य झाले. परंतु तो कॉलर गृहीत धरतो. साडीवर तो लावायचा तर पदराची सळसळ आणि मंगळसूत्राच्या मण्यांची टिकटिक या दोन्हींपासून दूर अशी जागा शोधावी लागते. पदर खांद्यावर जेथे पिनेने पक्का केलेला असतो तेथे, केबलचा एक सैल वेढा घेऊन लावला तर काम भागते, पण त्या बाजूला मान वळली की आवाज चढतो आणि दुसरीकडे वळली की पडतो. पावसाळ्यात कोकणात कंडेन्सर माइक दमट हवेने तडतडू लागतात, हीही अडचण आहे. ४१६चे विद्युतमंडल उच्च कंप्रतेवर चालणारे असल्याने तो दमटपणाला त्या मानाने दाद देत नाही, इतरांना मात्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे लागते.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग मावळात जात्यावरच्या ओव्या मुद्रित करताना आला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत, म्हणजे या गायनाच्या मुद्रणाला महाराष्ट्रात भक्कम पूर्वपरंपरा आहे. दोन स्त्रिया जात्याच्या दोन अंगांना समोरासमोर बसतात, एकच खुंटा धरून दळतात, आणि दळताना पुढेमागे झुकत असल्यामुळे त्यांची तोंडे सतत जवळ-दूर होत राहतात. प्रत्येकीसमोर वेगळा माइक ठेवला तर आवाज लाटांसारखा येतो, आणि दगडाची घरघर दोन्हींत शिरते. यावर भूमितीच्या दृष्टीने सुबक असा तोडगा होता : रोडचा एनटी२-ए, ज्याची दिशा बटणाने बदलता येते, तो द्विदिश करून दोघींच्या मधोमध, तोंडांच्या उंचीवर उभा टांगायचा, त्याची पुढची बाजू एकीकडे, मागची दुसरीकडे, आणि नेमके खाली असलेले जाते त्याच्या बहिऱ्या प्रतलात. एक पुढे झुकली की दुसरी मागे जाते, त्यामुळे अंतराचा चढउतारही काहीसा भरून निघतो.

योजना अपेक्षेप्रमाणे फळली. ओवीचा शब्द न् शब्द स्पष्ट आला आणि दगड दूर कोठेतरी गेला. त्यांतल्या वडीलधाऱ्या मावशींना हेडफोन लावून ऐकवले तेव्हा त्यांनी थोडा वेळ ऐकून एवढेच विचारले, “जातं कुठं गेलं?” प्रश्न तांत्रिक अंगानेही अचूक होता, कारण ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर चालते, चरण कोठे लांबवायचा आणि श्वास कोठे घ्यायचा हे खुंट्याच्या चालीवरून ठरते, आणि तो आधार काढून घेतल्यावर मागे राहिलेले गाणे कारण नसताना अडखळल्यासारखे ऐकू येत होते. बटण सर्वदिश स्थितीवर सरकवले, माइक वीतभर खाली घेतला, आणि दळण पुन्हा सुरू झाले. या खेपेस घरघर तर आलीच, शिवाय मातीच्या भिंतींवरून परतणारा मंद घुमारा आणि काकणांची किणकिणही आली. शब्द काही ठिकाणी दगडाखाली दबले.

पुढे त्या घरी दोन माइक लावण्याची पद्धत ठरली : द्विदिश माइक वर, आणि जात्यापासून हातभर दूर, जमिनीवर घडी घातलेल्या गोणपाटावर एक लहान सर्वदिश माइक, दोन्हींचे मुद्रण स्वतंत्र. घरी मिश्रण करताना जात्याचे प्रमाण किती ठेवायचे याचा अंदाज लेखक करतो आणि कच्ची प्रत मावशींना फोनवर पाठवतो. दगड अजून वाढवा, असाच निरोप बहुतेक वेळा येतो.