ओणवं

कांद्याच्या लागणीला बांधावर जाऊन उभं राहिलं की माणसं दिसत नाहीत, पाठी दिसतात. पाणी सोडून मऊ केलेला वाफा, त्यात दहा-बारा बायका. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. एक रोप, अंगठ्याचा दाब, चार बोटं सोडून दुसरं रोप. शाळेतून येताना मी आईला पाठीवरूनच ओळखायचो. बाकीच्या बायका वाफा संपला की सरळ व्हायच्या, आई दोन वाफ्यांनी. उक्त्या कामात सरळ होण्याचा वेळ कुणी मोजून देत नाही.

घोड धरणाचं पाणी आलं तसा आमच्या निमोण्याच्या शिवारात ऊस आला, कांदा आला, आणि त्यांच्या मागोमाग घरोघर कंबरदुखी आली. जिरायतीत काय कंबर दुखत नव्हती, असं नाही. पण बाजरी वर्षातून एकदा वाकवते. बागायत बारा महिने वाकवते. नाखेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९६०च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्या माणसापेक्षा पुढे वाकलेल्या माणसाच्या गादीवर सुमारे दीडपट दाब भरला. त्याने लागणीची बाई काही पाहिली नसणार.

आईचे उपचार घरचेच. निर्गुडीचा पाला, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक, आणि उसण भरली की पायाळू. आमच्या आळीत एक पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले, मामा होते. आई उंबऱ्याशी पालथी पडायची. मामा आधी पाय धुऊन यायचे, तीनदा तिच्या कंबरेला टाच लावायचे आणि मग बाईमाणसाला पाय लावला म्हणून स्वतःच हात जोडायचे. आईला बरं वाटायचं. मी हे थट्टेने सांगत नाही. उसण बहुतेकदा चार-आठ दिवसांत आपणहून उतरते. मामांच्या टाचेखाली उतरली तर मान मामांचा. पुढे पुण्यात घेतलेल्या दोन-तीन महागड्या उपचारांचं यशही ह्याच हिशोबातलं होतं, असं मला आज वाटतं.

मग एका पावसाळ्यात चप्पल निसटायला लागली.

उजव्या पायातली. अंगण ओलांडताना चप्पल मागे राहायची आणि आई चार पावलं तशीच पुढे जायची. तिला कळायचंच नाही. कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने घोट्यापर्यंत वीज जाते, असं ती म्हणायची. कंबर तर तिला बारा वर्षांची ओळखीची. तिच्याबद्दल तक्रारच नव्हती.

निमोण्याहून पुण्याला जाणं हा दुखऱ्या कंबरेचा वेगळाच एमआरआय आहे. रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली; प्रत्येक गतिरोधकाला आई पुढची सीट धरून स्वतःला जागेवरून उचलायची. वाघोलीच्या कोंडीत गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "आता कसं बरं वाटतंय."

पहिल्या दवाखान्यात (नाव सांगत नाही) फिल्म प्रकाशाला धरली गेली आणि सांगण्यात आलं की तीन गाद्या खराब आहेत, दोन मणके स्क्रू-सळ्यांनी जोडून टाकू. आईच्या पायाला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. "मावशी, पायाची बोटं वर उचला." डाव्या पायाची उचलली. उजव्या पायाचा अंगठा जागचा हलला नाही. ते बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि मगच फिल्म पुन्हा हातात घेतली.

'गादी सरकली' असं आपण म्हणतो, पण गादी सरकत नाही. पुरणाची पोळी तव्यावर कडेला फुटते आणि पुरण बाहेर येतं, तसं होतं. बाहेर आलेला तो गोळा शेजारच्या नसेवर बसला की पायात वीज. हे ओळखून तो काढायची वाट बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्यांनी १९३४ साली लिहून दाखवली. आज तेच काम इंच-दीड इंचाच्या कापातून, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने होतं. तेही घाईचं नसतं. नुसती वीज असेल तर बहुतेकांचं दुखणं दीड-दोन ते तीन महिन्यांत ओसरतं. बाहेर आलेलं पुरण शरीर हळूहळू जिरवून टाकतं.

म्हाताऱ्यांचं दुखणं निराळं. नसांची नळीच अरुंद होते, चार पावलांत पाय भरून येतात, ओणवं झालं की बरं वाटतं. आमच्या पारावर सायकल कधीच न चालवता नुसती हातात धरून फिरणारे एक बाबा होते. हँडलवर वाकून चालायला त्यांना बरं वाटायचं. तिथे हाड तासून नळी मोकळी करतात.

राहिली नुसती कंबर. वर्षानुवर्षांची, बोथट, सकाळी उठवत नाही अशी. तिच्यासाठी मणके जोडतात. ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कला १९११ साली हिब्ज आणि अल्बी ह्यांनी सुरू केली, म्हणजे शंभरी उलटली. कृत्रिम गादीही आहे. पूर्व बर्लिनमध्ये ती घडवणाऱ्यांतली एक करिन ब्युटनर-यान्झ, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेली मुलगी. वाकण्याचं मोल तिच्याइतकं कोणत्या डॉक्टरला कळलं असेल? पण ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या ३४९ रुग्णांवर तुलना झाली, मणके जोडणं एका बाजूला आणि कसून व्यायाम दुसऱ्या बाजूला. २००५ साली निकाल छापून आला, तेव्हा दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. मणका घसरला असेल, मोडला असेल, तर जोडणं भाग पडू शकतं. नुसत्या फिल्मवरून मात्र नाही. १९९४ साली अमेरिकेत, पाठीचा त्रास नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या.

हे निकाल वाचताना मला न्हावऱ्याच्या कारखान्यासाठी शिवारात उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवत होत्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बायका. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पोट दुखतंय, कंबर दुखतेय, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्या ह्या बायका. दुखणं एकीकडे आणि सुरी दुसरीकडे, ह्याचा इतका मोठा आकडा मला दुसरा माहीत नाही.

आईची शस्त्रक्रिया लहान झाली. स्क्रू नाही, सळी नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "पायासाठी करतोय, कंबरेची हमी नाही." संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते, "वीज गेली." अंगठा उचलायला मात्र चार महिने लागले. रोज रात्री जेवण झालं की ती भिंतीला टेकून पाय पसरायची आणि अंगठ्याकडे रोखून बघायची, नातवाला पहिलं पाऊल टाकायला सांगावं तसं.

कंबर दुखते का? दुखते. मी विचारलं की म्हणते, "मपली कंबर हाय ती, दुखंलच." आता वाफ्यात उतरत नाही, बांधावर पाटावर बसून रोपांच्या जुड्या बांधते आणि लागणीच्या बायकांना वाफ्यागणिक ओरडते, "सरळ व्हा गं." बायका हसतात. होत नाहीत. काम अजून उक्तंच आहे.

तुमच्या घरातल्या बाईची कंबर धरली तर निर्गुडी शेका, पायाळू मामांना बोलवा, पोट-पाठीचा व्यायाम मात्र चुकवू नका. पण पायातली चप्पल निसटायला लागली तर थांबू नका. लघवी कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर वाटली, तर त्याच दिवशी, वाघोलीची कोंडी असली तरी, पुणं गाठा.