दहा मोजेपर्यंत

मारामारी या प्रकाराचं मला लहानपणापासून भय आहे. शाळेत असताना माझ्या वाट्याला एकच ठोसा आला. तो मी नाकावर घेतला. आणि खरं सांगायचं तर तोही दुसऱ्याच कुणासाठी निघालेला होता. त्यामुळे यंदा दिवाळी अंकासाठी मी मुष्टियुद्धावर लिहितोय हे कळताच आमच्या घरी हशा पिकला. 'त्यापेक्षा चकलीवर लिहा,' सौभाग्यवती म्हणाल्या, 'कडक वस्तूशी तुमचा तेवढाच काय तो संबंध!'

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आमचं म्हसवड माणदेशातलं, आणि माणदेशातल्या माणसाला ठोशाचं अप्रूप नाही, कुस्तीचं आहे. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच गावाला वेध लागतात ते मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या रथाचे. आणि जत्रा म्हटली की आमच्याकडे कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडू लागली की म्हाताऱ्यांचेसुद्धा दंड फुरफुरतात. एवढीएवढीशी पोरं नारळावर आणि रेवड्यांवर कुस्ती धरतात. मीही एकदा धरली होती. डोळे मिटून उघडतो तो वर आभाळ! पाठीला लागलेली तांबडी माती आईनं झटकली आणि माझी पहिलवानकी तिथंच संपली.

कुस्तीचा कायदाच तसा आहे. पाठ टेकली की निकाल लागला. मातीत पडलेल्याला पुन्हा 'थांबा हो, मी उठतो' म्हणण्याची सोय नाही. मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. त्या चौकोनी आखाड्याला गोल म्हणण्याचा वेडेपणा इंग्रजांनी का केला ते देव जाणे. पण त्या आखाड्यात एक शहाणपणाचा नियम आहे. ठोसा खाऊन गडी खाली पडला की पंच प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात धाडतो आणि मोठ्यानं आकडे मोजू लागतो. एक, दोन, तीन... दहा व्हायच्या आत पडलेला गडी उठून सावध उभा राहिला, तर लढत पुढं सुरू. त्याला उचलायला कुणी धावत जात नाही. पण दहा व्हायच्या आधी कुणी त्याला संपलेलाही म्हणत नाही.

हा नियम मला कळला तो आमच्याच मुलखातल्या एका माणसामुळे. मुरलीकांत पेटकर त्यांचं नाव. जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातला. म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरहून फार लांबचा नव्हे, आणि गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव. खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन परतले. त्या कृष्णा-वारणेच्या अंगणातला पोर कुस्तीतच रमायचा. पण पेटकर सैन्यात गेले, विद्युत आणि यांत्रिक अभियंता दलात कारागीर जवान झाले, आणि तिथं त्यांनी हातात मोजे चढवले. १९६४ साली टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामेळाव्यात मुष्टियुद्ध खेळून आले. वय अवघं वीस. असा जवान पुढं कुठवर गेला असता याचा हिशेब आपण घरबसल्या सुखानं करू शकतो.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि तो हिशेब पुसला गेला. शत्रूच्या गोळ्यांनी पेटकरांचं शरीर चाळणीसारखं झालं. जीव वाचला, पण कमरेखालचा देह निकामी झाला. ज्या पायांवर मुष्टियोद्ध्याची निम्मी विद्या असते, तेच पाय गेले. ठोसा हातानं मारायचा असला तरी त्याचं बळ जमिनीतून, टाचेतून वर येतं, असं जाणकार सांगतात. म्हणजे पेटकरांचे हात शाबूत राहिले, तरी त्यांच्या खालची जमीन गेली.

इथं एखादी कादंबरी सहज संपवता येईल. मीही संपवली असती. शेवटचं प्रकरण, खिडकीजवळची खाट, भिंतीवर टांगलेले मोजे, आणि वाचकांच्या डोळ्यांत पाणी. आम्ही लेखक मंडळी पडलेल्या माणसावर फार लवकर पडदा टाकतो.

पेटकरांनी पडदा पडू दिला नाही. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि पाण्यातच त्यांना नवी जमीन सापडली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं मदतीचा हात दिला. १९६८ साली तेल अवीवला अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली, तिथं ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. मग आलं १९७२. म्युनिकच्या ऑलिंपिकचंच साल. त्याआधी थोडेच दिवस जर्मनीतल्याच हायडेलबर्गला पॅरालिंपिक भरलं. पन्नास मीटर मुक्त शैलीत पेटकरांनी पाणी कापलं ते ३७.३३ सेकंदांत. सुवर्णपदक, आणि वर जागतिक विक्रम! भाल्यात आणि चाकांच्या खुर्चीच्या वळणावळणाच्या शर्यतीतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. ऑलिंपिकमध्ये भारतीयाला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ साली, अभिनव बिंद्रांना. पेटकरांचं सोनं त्याहून छत्तीस वर्षं जुनं.

आणि तरी ते आपल्याला माहीत नव्हतं. पुण्याला टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस रस्त्यात समोरून गेला असता तर आपण वळूनही पाहिलं नसतं. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो मिळाला नाही. पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला तो २०२५ च्या जानेवारीत. पेटकर दहाच्या आत उठले होते. आकडे मोजायला आपणच विसरलो होतो.

हे सगळं मी एका मोकळ्या तासाला नववीच्या वर्गात सांगितलं. चित्रपट पोरांनी पाहिला होताच. पण मास्तरांच्या तोंडून ऐकताना वर्ग चिडीचूप झाला. मीही रंगात आलो. शेवटी खडूनं फळ्यावर मोठ्ठे आकडे काढले, ३७.३३, आणि विजयी मुद्रेनं वळलो. तेव्हा मागल्या बाकावरून एक हात वर आला.

या मुलाविषयी आधी सांगायला हवं. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड. पाचवीत आला तेव्हा खेळाच्या तासाला त्याचं काय करायचं हा प्रश्न पडला, आणि तो मी सोडवला. त्याचं अक्षर मोत्यासारखं. मी त्याच्या हातात वही दिली, लिंबाखाली खुर्ची मांडली आणि त्याला गुण लिहायला बसवलं. खो-खो असो, कबड्डी असो, पोरं धावायची आणि हा लिहायचा. चार वर्षं लिहीत होता. त्याची आजी एकदा बाजारात भेटली तर पदर सावरत म्हणाली, 'मास्तर, पोराला उनात पळवत न्हाईसा, लई उपकार झालं.' मला फार बरं वाटलं होतं. चार वर्षं ते बरं वाटणं मी जपून ठेवलं होतं.

तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, 'सर, पेटकरांना कुणी गुण लिहायला बसवलं न्हाई का?'

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात घंटा झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुलांच्या आधी मी वर्गाबाहेर पडलो.

संध्याकाळी माणगंगेच्या काठानं बराच वेळ हिंडलो. नदीला पाणी नव्हतं. ते बहुधा नसतंच. कोरड्या वाळूत पोरांचा कुस्तीचा खेळ चालला होता. मला वाटलं, नाकावरच्या त्या ठोशाचं मी आजवर उगीच एवढं कौतुक केलं. खरा ठोसा आज बसला, आणि हा मात्र माझ्यासाठीच निघालेला होता. मी त्या पोराला उन्हातून वाचवलं होतं, पण त्याच्यासाठी एकही आकडा मोजला नव्हता. तो पडलाही नव्हता, तोच मी 'दहा' म्हणून मोकळा झालो होतो. आणि या उतावळेपणाला मी दया असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, 'तुला काय खेळायचंय?' चार वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. 'गोळा टाकीन.'

शाळेच्या क्रीडास्पर्धेत त्यानं नाव दिलं. वर्तुळात उभा राहिला, गोळा मानेशी धरला, अंग वळवलं, आणि आखूड पाय सरकून धाडकन पडला. गोळा तिथंच मातीत रुतला. दोन पोरं उचलायला धावली. मी हात आडवा करून त्यांना थांबवलं. मैदान गप्प झालं. माझे ओठ हलत होते हे शेजारच्या शिक्षकांनी नंतर मला सांगितलं. सहापर्यंत आलो होतो, तेव्हा तो उठला.

एक फेक तर वाया गेली. पुढच्या खेपेला गोळा नीट सुटला. सात जणांत त्याचा नंबर सहावा आला. सातवा होता तो ऐन वेळी पोट दुखतंय म्हणून घरी गेला होता. मी टेप धरून वाकलो होतो. तो लंगडत माझ्याजवळ आला, घाम पुसला आणि म्हणाला, 'सर, लिहा की.'

वही त्या दिवशी माझ्या हातात होती. लिंबाखालच्या खुर्चीवर बसून मी त्याच्या फेकीचा आकडा लिहिला. त्या वहीची आधीची सगळी पानं मोत्यासारख्या अक्षरातली आहेत. तिथून पुढची सारी माझ्या गिचमिड अक्षरात आहेत, आणि खाडाखोडही बरीच आहे.