आढळते आणि आढळले

शाळेतल्या प्रयोगवहीत 'उद्देश'नंतरचा मथळा 'साहित्य' असा असे. पुढे आयुष्यभर साहित्य शिकवण्याचा योग आमच्या वाट्याला आला खरा. पण या शब्दाची पहिली ओळख झाली ती एक मोठा बटाटा, साखरेचे द्रावण, टाचणी आणि चंचुपात्र या यादीतून. साहित्यानंतर कृती, मग निरीक्षण, शेवटी अनुमान. हा घाट आम्ही पाठ केला होता. त्याच्या आत नेमके काय आहे, हे कळायला मात्र फार वर्षे जावी लागली.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये इंग्लंडला बहिणीकडे राहायला गेलो होतो. भाचीची जीसीएसई परीक्षा महिन्यावर आली होती आणि ती जीवशास्त्राच्या प्रयोगांची उजळणी करीत होती. एडेक्सेलच्या अभ्यासक्रमात त्यांना 'कोअर प्रॅक्टिकल' म्हणतात. २०१८ पासून तिथे नव्या पद्धतीने परीक्षा होते. प्रयोगशाळेत करून दाखवण्याला वेगळे गुण नाहीत. जीवशास्त्रात किमान ८ प्रयोग शाळेत करून घ्यायचे आणि त्यांवरचे प्रश्न लेखी परीक्षेतच विचारायचे. निदान १५ टक्के गुण त्यांचे. म्हणजे उजळणी होते ती आठवणीची. भाचीने त्यासाठी रंगीत कार्डे केली होती.

"मामा, तू फक्त विचार. मी न बघता सांगते."

प्रयोग परासरणाचा होता. बटाट्याचे तुकडे साखरेच्या कमीअधिक तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायचे आणि त्यांचे वजन किती बदलते ते पाहायचे. तुकडे तोलण्याआधी टिपून का घ्यायचे? "वरचं पाणी वजनात येतं म्हणून." फरक टक्क्यांत का काढायचा? "सगळे तुकडे सुरुवातीला सारख्या वजनाचे नसतात." आणि एखादे निरीक्षण विसंगत आले तर? "मोजताना चूक झाली असणार. ते सोडून द्यायचं, पुन्हा करायचं." उत्तरे बिनचूक होती. आम्ही विचारले, "तू स्वतः केलास का हा प्रयोग?"

"ग्रुपमध्ये केला. मी घड्याळ बघत होते."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सहा वाट्या मांडल्या. एकीत नुसते पाणी. बाकीच्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर द्रावणामागे ६.८ ग्रॅमपासून ३४ ग्रॅमपर्यंत चढत गेलेली साखर. प्रत्येक वाटीत तीन तुकडे, मिळून १० ग्रॅम. दीड तासाने तुकडे टिपून तोलले. पाण्यातले १०.७ ग्रॅम भरले. पेशीतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा तीव्र, म्हणून पाणी आत शिरले होते. सर्वांत गोड वाटीतले ८.६ वर आले. तिथे पाणी पेशींतून बाहेर पडले होते. मधले आकडे क्रमाने उतरत होते, पण चौथ्या वाटीशी गाडी अडली. तिसरीत ९.७ आणि त्याहून गोड असलेल्या चौथीत ९.८.

"मोजताना चूक," भाची म्हणाली.

आमच्या मनात काय आले ते सांगायला संकोच वाटतो. मनात आले, ९.४ लिहून टाकावे. ही सवय जुनी होती. आमच्या शाळेत बटाटा कोरून त्यात साखरेचे द्रावण भरत, पातळीशी टाचणी खोचत आणि बटाटा पाण्यात ठेवत. आमच्या बटाट्यातली पातळी टाचणीपाशीच राहिली. वहीत मात्र 'द्रावणाची पातळी वाढल्याचे आढळते' असे वाक्य होते, कारण ते आम्ही आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. त्याखाली लाल शाईची सही झाली. बटाट्याला तडा गेला होता का, कोरताना बुडाला भोक पडले होते का, हे आम्ही पाहिलेसुद्धा नाही.

आज त्या वाक्याकडे पाहिले की त्यातला काळ खुपतो. 'आढळते' हा रीतीचा वर्तमानकाळ. तो सगळ्या बटाट्यांविषयी बोलतो, म्हणूनच समोरच्या बटाट्याविषयी काहीही बोलत नाही. कुणाला आढळते, केव्हा, हे विचारण्याची सोयच त्यात नाही. अनुमानाला शोभणारे क्रियापद आम्ही निरीक्षणात आणून बसवले होते. कवितेखाली 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केलेले आढळते' असे लिहिणारे विद्यार्थी पुढे आमच्यासमोर वर्षानुवर्षे बसले. त्यांच्यावर आम्ही रागावत असू. ते वाक्य त्यांनी कुठून उचलले, हे आम्हांला कळायला हवे होते.

भाचीने तोवर चौथ्या वाटीतले तुकडे उचलून बोटांनी वाकवून पाहिले होते. एक लुळा पडला होता. दोन ताठ होते, आणि त्या दोन्हींच्या एका बाजूला साल तशीच होती. सालीतला बुचासारखा थर पाणी सहजी जाऊ देत नाही. म्हणजे काटा बरोबर होता. सोलताना आमचीच नजर चुकली होती. नव्याने सोललेले तुकडे घेऊन पुन्हा दीड तास थांबलो. या वेळी ९.४ आले. मघाशी जो आकडा आम्ही फुकट लिहिणार होतो, तोच. पण मघाशी लिहिला असता तर सालीची गोष्ट कुणालाच कळली नसती.

भाचीने दोन्ही आकडे वहीत ठेवले आणि पहिल्यापुढे कारण लिहिले. मग विचारले, "पेपरात काय लिहू? कार्डावरचं की हे?"

पेपरातल्या तक्त्यात साल दिसणार नाही, तिथे कार्डावरचे उत्तर चालेल, असे आम्ही सांगितले. ते व्यवहाराला धरून होते, पण सांगताना बरे वाटले नाही. तिने मात्र त्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने एक ओळ वाढवली: आधी तुकडा बघ.

असो. आमची प्रयोगवही केव्हाच रद्दीत गेली. हाती लागली असती, तर निरीक्षणाखालची ओळ खोडून 'पातळी वाढली नाही' एवढेच लिहिले असते.