नमस्कार आणि काचबिंदु

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां औंधभर तिचें कौतुक मी स्वतःच सांगत फिरलों. यमाईच्या डोंगरावरील मूळपीठ पुन्हां लख्ख दिसूं लागलें होतें. दोन महिन्यांनीं तपासणीस साताऱ्याला गेलों, तों डॉक्टर म्हणाले, "नाना, डोळ्यांतला दाब वाढला आहे. काचबिंदु आहे." मला रागच आला. मोती दिला त्याच्या बदल्यांत ही काच कां?

डॉक्टरांनीं शांतपणें समजावलें. बुबुळामागें पाणी सतत पाझरतें व कडेच्या बारीक जाळींतून निचरून जातें. निचरा मंदावला, कीं दाब वाढून मागची दृष्टिनाडी हळूहळू मरते. माझी ही मोरी बहुधा आधींच तुंबत आली असावी. मोतीबिंदूच्या धुक्याआड तें कळलें नाहीं. दृष्टि कडेनें जाते, मधली शेवटपर्यंत राहते. वाचतां येतें म्हणून माणूस निर्धास्त! आणि गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं.

लेसरचें काम दहा मिनिटांत उरकलें. बधिरतेचे थेंब, यंत्राला टेकलेलें कपाळ, आणि हिरवे लखलखाट. त्या जाळीवर प्रकाशाचे ठिपके मारतात, म्हणजे निचरा सुधारतो. परिणाम कळावयास कांहीं आठवडे लागतात. वर्षांनीं तो ओसरतोही. तेव्हां दाब मोजण्यापासून सुटका नाहीं.

उठतां उठतां मीं विचारलें, "नमस्कार घालूं ना?"

"डोकें खालीं जाईल असें कांहीं नको. त्यानें दाब वाढतो. शीर्षासन तर मुळींच नको."

औंधकराला हें सांगणें म्हणजे वारकऱ्याला टाळ खालीं ठेव म्हणणें! भवानराव पंतप्रतिनिधींनीं (१८६८–१९५१) सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांतून रुजविले. माझे वडील तेथेंच ते शिकले व त्यांनीं मला शिकविले. उतारवयांत त्यांची दृष्टि गेली, तरी ते पहांटे अंगणांत ऊन लागेल त्या दिशेला तोंड करून नमस्कार घालीत. 'मोतीबिंदु पिकला' असेंच आम्हीं धरलें. दाब कोणींही मोजला नाहीं. तो मोतीबिंदूच होता कीं काय, हें आतां कोणाला विचारूं?

हा रोग पुष्कळदां घराण्यांतून उतरतो, असेंही डॉक्टर म्हणाले. त्याच रात्रीं पुण्याला मुलाला फोन केला; दाब मोजून घे म्हटलें.

"कशाला, नाना?" तो म्हणाला, "मला सगळें स्वच्छ दिसतें."