नो बॉल

खेळात नियम मोठा की न्याय मोठा, असे कोणी विचारले असते, तर नियम हाच न्याय होय, असे उत्तर आम्ही एके काळी ठासून दिले असते. त्या वेळी आमचे वय अठरा होते, आणि अठराव्या वर्षी मनुष्यास जगातील बहुतेक नियम पाठ असतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही डाळज येथे मामांकडे गेलो होतो. उजनीचे पाणी वैशाखात मागे सरले की काठाची सपाट जमीन उघडी पडते. तीवर गावची मुले क्रिकेट मांडीत. यष्ट्या बाभळीच्या, चेंडू टेनिसचा. आम्ही पुण्याचे, त्यातून चष्मा लावणारे. पंचाचे पद न मागता चालत आले.

त्या मुलांत बारा-तेरा वर्षांचा एक काटक गोलंदाज होता. त्याचा हात कोपरात वाकलेला दिसे आणि चेंडू मोठ्या वेगाने येई. दोन गडी बाद होताच “फेकी हाय!” अशी ओरड झाली. आम्ही हात आडवा केला. नो बॉल! पुढचाही नो बॉल, त्याच्या पुढचाही. तेव्हा त्याने चेंडू जमिनीवर ठेवला आणि एक शब्द न बोलता तो काठाकाठाने चालता झाला.

रात्री जेवताना मामा म्हणाले, “अरे, लहानपणी झाडावरून पडला तो. हाड तसंच बसलंय. हात सरळ होतच नाही, तर तो फेकणार कसा?”

आम्हांस हे ठाऊक नव्हते, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पण नियम तरी ठाऊक होता काय? वाकलेला हात हा क्रिकेटमध्ये कधीच गुन्हा नव्हता. चेंडू सुटण्यापूर्वी वाकलेला हात सरळ करणे, हा गुन्हा. १९९५ साली मेलबर्न येथे मुरलीधरन यांचे सात चेंडू पंचांनी नो बॉल ठरविले. त्यांचाही हात जन्मतः पूर्ण सरळ होत नसे. पुढे मोजमापे झाली, तेव्हा निर्दोष मानलेल्या अनेकांचे हातही थोडेबहुत सरळ होतात असे आढळले, आणि १५ अंशांची मर्यादा ठरली.

डोळ्यांना विचित्र दिसते ते नियमाबाहेरचे, अशी ही जुनी समजूत आहे. १८६२ साली ओव्हल मैदानावर विल्शर यांनी हात खांद्याच्या वर नेला म्हणून त्यांचे चेंडू नो बॉल ठरले. दोनच वर्षांनी तीच रीत नियमात बसली, आणि आज प्रत्येक शाळेत तीच शिकवितात. उलट १९८१ साली ट्रेव्हर चॅपेल यांनी शेवटचा चेंडू हाताखालून घरंगळत सोडला. तो त्या सामन्याच्या नियमांत बसत होता, तरी जगाने त्यास नावे ठेविली. सॉफ्टबॉलमध्ये मात्र चेंडू हाताखालूनच टाकावा लागतो!

सारे विचित्र निर्दोष, असेही नव्हे. २०१८ साली उत्तर प्रदेशाच्या शिवा सिंग यांनी स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन चेंडू टाकला. पंचांनी तो रद्द केला. फलंदाजाचे चित्त मुद्दाम विचलित करणे नियमास मान्य नाही, आणि त्यात न्याय आहे. प्रश्न एवढाच, की रीत फसविण्यासाठी घेतली आहे, की ती त्या हाताचीच आहे?

पुण्याचे केदार जाधव यांचा हात गोलंदाजी करताना इतका खाली येई की चेंडू कमरेजवळून सुटल्यासारखा वाटे. भल्याभल्या फलंदाजांची त्याने गाळण उडविली, आणि त्यात गैर काही नव्हते. दूरचित्रवाणीवर सारे घर हसत ते पाहत असे. आम्हांस मात्र उजनीचा काठ आठवे.

कारण पुण्यास परत निघालो त्या दिवशी तो मुलगा मोटारथांब्यावर उभा होता. ‘आमची चूक झाली’ एवढेच म्हणावयाचे होते. पण पंचाने चूक कबूल करावी, असा नियम आम्हांस कोणी शिकविला नव्हता. मोटार आली आणि आम्ही चढलो.