तिच्या वाट्याची मिनिटं



भाईंदरमध्ये आपण बहुतेक सगळ्याच कुठून तरी आलेल्या. मी लग्न होऊन सांगलीकडून आले, आमच्या शेजारची सून राजस्थानातल्या पालीहून. तिच्या चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली, म्हणून हातपाय ताठ. ती इजा वाढत नाही, पण औषधाने जातही नाही. हे पचायला तिला दोन वर्षं लागली. गावाहून फोन येतो, "इकडे घेऊन ये, नाकोडाजींना नवस बोलू, चालायला लागेल." तिचाही एकच प्रश्न असायचा, बरा कधी होणार? थेरपीवाल्या ताई म्हणायच्या, मान धरायला लागलाय, ही प्रगतीच. तिला ती प्रगती वाटायची नाही. कुठल्या आईला वाटेल?

आता हिशेब, बी.कॉम.ची खोड! आठवड्यातून तीनदा अर्धा तास थेरपी, म्हणजे ९० मिनिटं. आठवड्याची एकूण मिनिटं १०,०८०. उरलेली सगळी आईच्या पदरात. कसं बसवायचं, भरवताना मान मागे कशी जाऊ द्यायची नाही, खरं काम तिथेच. गावी जावा-नणंदा हाताशी असत्या. इथे वन रूम किचन, नवरा दुकानातून रात्री येतो. हाजी अलीला १९५५ पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, पण विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये मूल कडेवर घेऊन चढून दाखवा! दिव्यांगांचा वेगळा डबा असतो, हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा बसते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, आणि तिच्या आधारवर अजून पालीचाच पत्ता. सध्या त्याच कागदांच्या मागे आहोत.

आणि मंदिराच्या पायरीवर कोणी तरी म्हणतं, "पूर्वकर्म गं, दुसरं काय." मला रागच येतो. असातावेदनीय कर्माचा उदय मीही मानते. पण आपले गुडघे दुखले की तो कोणाला आठवत नाही, आपण सरळ डॉक्टरकडे जातो. चार दानांत औषधदान कशाला सांगितलंय मग?

हल्ली दुपारी तीन ते चार तो माझ्याकडे असतो. भिंतीच्या कोपऱ्यात दोन उशा लावून बसवते, समोर रिकाम्या वाट्या आणि चमचा. तेवढ्या वेळात ती झोपते. बुधवारी आणि शुक्रवारी मला जमत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या कोणाला जमत असेल तर संध्याकाळी घरी येऊन सांगा.