किलिमांजारोच्या पायथ्याशी खोली शोधताना

किलिमांजारोला जायचं ठरलं की घरातल्या सगळ्या चर्चा बूट, जॅकेट आणि औषधांवर होतात. राहायचं कुठे हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवतो आणि 'पॅकेजमध्ये असेलच की' असं म्हणून तिथेच मिटतो. पॅकेजमध्ये बहुधा असतंच: ट्रेकच्या आदली एक रात्र आणि खाली उतरल्यावरची एक. पण आपल्याकडून जाणाऱ्यांचं तेवढ्यावर भागत नाही. प्रवासाचा शीण घालवायला एक दिवस हवा. उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढू नये, म्हणून आणखी एक. अशा तीन-चार रात्री सहज होतात. आमच्या दहा झाल्या, कारण आई सोबत होती.

आई ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी रोजची. तिला डोंगर चढायचा नव्हता, डोळे भरून पाहायचा होता. म्हणजे मी आणि नवरा सात दिवस वर आणि ती सहा रात्री खाली, अनोळखी गावात एकटी. त्यामुळे खोली शोधणं हे आमच्यासाठी बुटांपेक्षा मोठं काम झालं. शिवाय ते ठरलेल्या पैशांत बसवायचं होतं. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे सवयीप्रमाणे आधी दोन याद्या केल्या: काय हवंच, आणि काय असलं तर बरं. पोहण्याचा तलाव, गच्ची, खोलीतला टीव्ही हे सगळं दुसऱ्या यादीत गेलं आणि निम्मी हॉटेलं आपोआप गळाली.

आधी गावाबद्दल. ट्रेकसाठी टांझानियात दोन गावांत मुक्काम करता येतो, अरुशा आणि मोशी. दोन्हींमध्ये साधारण ८० किलोमीटर अंतर आणि किलिमांजारोचा विमानतळ मध्ये कुठेतरी. अरुशा मोठं, सफारीला जाणाऱ्यांचं. मोशी लहान, उकाड्याचं आणि डोंगराच्या अगदी पायथ्याशी. माचामे आणि मरांगू या दोन्ही वाटांची प्रवेशद्वारं मोशीहून तासाभराच्या अंतरावर आहेत. आमची वाट माचामेची होती आणि आईला खिडकीतून डोंगर हवा होता, म्हणून मोशी. डोंगर मात्र तिथेही मर्जीचा मालक आहे. पहाटे आणि संध्याकाळी दर्शन देतो, दुपारभर ढगांत असतो. त्यामुळे 'किलिमांजारो दिसणारी खोली' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. रस्त्यावर आलं की तोच डोंगर फुकट दिसतो.

मोशीत स्वस्तात राहायचे साधारण चार प्रकार आहेत. एक, बॅकपॅकर हॉस्टेल: एका खोलीत सहा-आठ पलंग, गप्पा भरपूर, झोप कमी. एकट्याने जाणाऱ्या तरुणांना उत्तम, कारण ट्रेकचे सोबती तिथेच भेटतात. दोन, बसस्टँड आणि क्लॉक टॉवरच्या आसपासची लहान हॉटेलं. बाजार, बँक, सिमकार्ड सगळं पायाशी, पण पहाटेपासून बसचे हॉर्न आणि शनिवारी रात्री बारमधलं संगीत. तीन, चर्चसारख्या संस्थांनी चालवलेली विश्रामगृहं: साधी, स्वच्छ, शांत. आणि चार, कुटुंबाने स्वतःच्या आवारात चालवलेली चार-सहा खोल्यांची लॉज. ही बहुतेक गावाच्या कडेला असतात. उत्तरेला शांटी टाउन नावाचा भाग आहे. नावावरून झोपडपट्टी वाटते, पण प्रत्यक्षात मोठमोठ्या झाडांच्या सावलीतली बंगल्यांची वस्ती आहे. तिथून केसीएमसी हे १९७१ साली सुरू झालेलं मोठं रुग्णालय जवळ. आई सोबत असल्याने नकाशावर मी पहिली खूण रुग्णालयावर केली आणि तिथून अंतर मोजत खोल्या शोधल्या. वयस्कर माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर तुम्हीही असंच करा.

रिव्ह्यू वाचायची माझी एक पद्धत आहे. पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवते आणि तीन ताऱ्यांचे, अलीकडच्या सहा महिन्यांतले वाचते. तीन तारे देणारा माणूस रागावलेला नसतो आणि भारावलेलाही नसतो. 'जागा छान पण सकाळी सातनंतर गरम पाणी नाही' असं तोच लिहितो. ट्रेकहून उतरल्यावर राहिलेल्यांचं म्हणणं जास्त मोलाचं, कारण जागेची खरी परीक्षा त्या संध्याकाळी होते. अंगावर आठवड्याची धूळ असते, मांड्या भरून आलेल्या असतात आणि दोनच गोष्टी हव्या असतात: गरम पाणी आणि तळमजल्यावरची खोली. तिसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली जाताना छान वाटते. उतरून आल्यावर तोच जिना दुसरा किलिमांजारो होतो.

पाच ठिकाणं निवडून मी प्रत्येकाला तेच आठ प्रश्न पाठवले. ते इथे देते, जसेच्या तसे विचारा. गरम पाणी विजेवर आहे की सौर, आणि कोणत्या वेळात? वीज गेली तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का? मच्छरदाणी प्रत्येक पलंगाला आहे का? (मोशीत मलेरिया होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यातच, पण फाटकी मच्छरदाणी असलेली खोली कितीही स्वस्त असली तरी नको.) ट्रेकच्या दिवसांत जादा सामान कुठे ठेवता, कुलपात का, आणि त्याचे पैसे लागतात का? न्याहारी किती वाजता मिळते आणि लवकर निघायचं असेल तर बांधून देता का? विमानतळावर घ्यायला गाडी पाठवता का, आणि भाडं किती? कार्डाने पैसे दिले तर जादा आकार आहे का? आणि शेवटचा: रात्री आवारात कोण असतं?

उत्तरांवरून निम्मा निकाल लागतो. एका ठिकाणाहून आठही प्रश्नांना मिळून 'नो प्रॉब्लेम, माय फ्रेंड' एवढंच आलं. दुसऱ्याने प्रश्न बाजूला ठेवून आमच्याकडूनच ट्रेक घ्या म्हणून चार निरोप पाठवले. ज्या ठिकाणी आम्ही राहिलो तिथल्या बाईंनी लिहिलं होतं: 'सौर पाणी आहे, ढगाळ दिवशी कोमट येतं, सांगितलंत तर बादलीभर तापवून देऊ. जनरेटर नाही, दिवे इन्व्हर्टरवर चालतात. रात्री मी, माझी भाची आणि पहारेकरी.' जी गोष्ट नाही ती 'नाही' म्हणून सांगणाऱ्या माणसावर भरवसा ठेवावासा वाटतो. न्याहारीसह दोन पलंगांची खोली रोज ३० डॉलरला मिळाली. आमच्यासाठी एक जादा खाट फक्त पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन रात्री लागली.

एक गंमत ध्यानात ठेवा. स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, 'सा मोजा'. परक्यांशी बोलताना लोक बहुधा आपल्या पद्धतीने सांगतात, पण गाडी ठरवताना घड्याळ दाखवून खात्री करून घ्यावी. नाहीतर आठला हवी असलेली गाडी दुपारी दोनला दारात उभी राहील.

आई तिथे रमेल का, ही माझी काळजी पहिल्या सकाळीच कमी झाली. मालकीणबाईंची भाची चहा घेऊन आली आणि किंचित वाकून म्हणाली, 'शिकामू.' लहानांनी मोठ्यांना करायचा हा नमस्कार, पाय धरते अशा अर्थाचा. मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं. आईला हे इतकं आवडलं की दुपारपर्यंत ती पहारेकऱ्याच्या मुलांनाही मराहाबा म्हणत होती. तिथे आईच्या वयाच्या बाईला सगळे 'मामा' म्हणतात, म्हणजे आईच. जेवणाचंही अडलं नाही. चपाती तिथे चपातीच आहे. महारागे म्हणजे घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ. म्चिचा ही पालेभाजी म्हणजे आपला माठ निघाला. तीनचाकी रिक्षेला सगळे 'बजाजी' म्हणतात, आपल्या पुण्याच्या बजाजवरून. आणि बाजारात एका किराणा दुकानदाराशी आई चक्क गुजरातीत बोलली. त्याचे आजोबा सौराष्ट्रातून आलेले. वडोदऱ्यात घरी मराठी आणि दाराबाहेर गुजराती बोलण्यात तिचा जन्म गेला. त्याचा उपयोग पूर्व आफ्रिकेत जिरं घेताना होईल असं कोणाला वाटलं असतं?

आम्ही वर गेलो त्याच्या चौथ्या दिवशी आईला ताप आला. मलेरियाच्या गावात ताप म्हणजे 'उद्या बघू' चालत नाही. मालकीणबाईंनी तिला तासाभरात बजाजीत घालून रुग्णालयात नेलं, रक्त तपासून घेतलं, निकाल येईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मलेरिया नव्हता, घसा धरला होता. रात्री भाची आईच्या खोलीत, आमच्यासाठी आणलेल्या त्या जादा खाटेवर झोपली. वर नेटवर्क कुठे मिळतं, कुठे नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या गाइडच्या फोनवर निरोप आला: 'मामाला ताप होता. तपासलं, मलेरिया नाही. आता पेज पिऊन बसली आहे, तुम्ही चाला.' मी तो निरोप तीनदा वाचला. गाइड म्हणाला, 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, आणि आम्ही पुढे चालू लागलो. हिशेबाच्या वेळी बाईंनी तपासणीची पावती पुढे ठेवली आणि बजाजीचं भाडं लावलं. खाटेचे आणि रात्रीच्या जागरणाचे पैसे मी देऊ केले तर त्यांनी हात मागे घेतला. शेवटी आईनेच स्वतःची शाल भाचीच्या खांद्यावर घातली. ती मात्र नाकारता आली नाही.

आता पैशांचं. मोशीत १०० डॉलरची खोलीही मिळते आणि ती अर्थातच जास्त सुंदर असते. ट्रेकच्या आधीच्या-नंतरच्या तीन रात्री ३० डॉलरच्या खोलीत काढल्या तर २१० डॉलर वाचतात. हे पैसे डोंगरावर खर्च करा. मोशी समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षाही खाली आहे आणि शिखर ५,८९५ मीटरवर. म्हणजे मोशीत जादा दिवस राहून उंचीची सवय होत नाही, ती वरच व्हावी लागते. माचामेची वाट सहा दिवसांतही करता येते आणि सात दिवसांतही. सातव्या दिवसामुळे सुमारे ४,००० मीटरवरच्या कारंगा कॅम्पला एक रात्र मिळते आणि शिखराच्या आदल्या दिवसाची चाल निम्मी होते. तो दिवस शरीराला लागतो. आम्ही दोघं शिखरावर पोचलो, त्यात या एका रात्रीचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

दुसरी जागा म्हणजे हमाल. फार स्वस्त ट्रेक स्वस्त कसा झाला हे विचारलं तर उत्तर बहुधा त्यांच्या मजुरीत आणि जेवणात सापडतं. मोशीतच किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे. कोणत्या कंपन्या हमालांना नीट मजुरी, जेवण आणि तंबू देतात याकडे ती लक्ष ठेवते. माणशी ओझं २० किलोच्या वर नसावं असा नियम आहे. तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांची नावं पाहूनच आम्ही ट्रेक ठरवला. तो सगळ्यात स्वस्त नव्हता. खोलीत वाचलेले पैसे इथे कामी आले.

बुकिंग कधी करावं? जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. त्या दिवसांत अशा लहान लॉजमधल्या खोल्या आधी भरतात, कारण असतातच चार-सहा. दोन-तीन महिने आधी लिहा आणि सगळा मुक्काम एकदम पक्का करू नका. पहिल्या दोन रात्री ठरवा, जाऊन नळ सोडून पाहा, मच्छरदाणी उघडून पाहा, मग पुढच्या रात्रींचं बोला. समोर बसून बोललं की भावही थोडा उतरतो. बसस्टँडवर 'माझ्याकडे याहून स्वस्त जागा आहे' म्हणत मागे लागणारे भेटतील. त्यांना हसून 'असांते' म्हणायचं, म्हणजे धन्यवाद, आणि चालत राहायचं.

आई परत येऊन तीन महिने झाले. तिच्या फोनमध्ये मोशीहून दर रविवारी एक निरोप येतो: शिकामू. ती चष्मा लावून हळूहळू उत्तर टाइप करते, आणि त्यानंतर माठाची भाजी कशी करतात हे इंग्रजीत समजावून सांगण्याचा एक लांबलचक प्रयत्न सुरू होतो.